पाचव्या तुकड्यावर घण

११ मार्च. मायक्रोफोन दुरुस्ती, एक नग, सहाशे पंचाऐंशी रुपये.

हे बिल माझ्या टेबलावर आलं तेव्हा मी ते परत पाठवलं. 'बिघाडाचं कारण' या रकान्यात स्टोअरच्या माणसानं नुसतं 'आवाज' असं लिहिलं होतं. आवाज हे काही कारण झालं नाही. मायक्रोफोन आवाजासाठीच असतो. उद्या कुणी मोडक्या खुर्चीपुढे 'बसणं' असं लिहील. दुसऱ्या दिवशी बिल पुन्हा वर आलं. आता त्या रकान्यात लिहिलं होतं, 'नवीन उद्घोषकाचा पहिला दिवस.'

मग मी जिना उतरून स्वतःच बघायला गेलो.

आमच्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, केसपेपरच्या खिडकीशेजारी, चौकशीचा काचेचा खोका आहे. त्यात आतापर्यंत कुणीतरी किरकोळ अंगाचं माणूस बसायचं. आता त्यात जो बसला होता त्याच्या खांद्यांनी खोका दोन्ही बाजूंनी भरला होता. बालवाडीच्या खुर्चीत पालकांना बसवावं तसा तो बसला होता. हातांवर भाजल्याचे बारीक पांढरे ठिपके होते. दुरुस्त होऊन आलेला मायक्रोफोन त्यानं आपल्यापासून हातभर लांब सारून ठेवला होता.

"तुम्हीच का ते?" मी विचारलं.

"मीच." तो उठायला गेला, पण खुर्ची त्याच्याबरोबर उठली, म्हणून परत बसला. "साहेब, मी फक्त बोलावलं हो."

"कुणाला?"

काचेखाली डॉक्टरांच्या पदनावांचा एक कागद चिकटवलेला होता. त्यातल्या एका ओळीवर त्यानं बोट ठेवलं. शब्द उच्चारला नाही. "ह्यांना," म्हणाला.

मी वाकून वाचलं. अ‍ॅनस्थीझिऑलॉजिस्ट. म्हणजे भूल देणारे डॉक्टर.

या माणसाला सगळे घणदादा म्हणतात. रस्त्याच्या पलीकडे आमच्याच मालकांचा कारखाना आहे आणि हॉस्पिटल कारखान्याच्या जोडीनं चालतं. कारखान्यात जुना भट्टी विभाग होता. तिथे तो हॅमरमन होता, म्हणजे घण मारणारा. वीस वर्षांहून जास्त काळ त्यानं तेच काम केलं. मग प्रेस मशीन आलं, भट्टी थंड झाली आणि विभागातली माणसं जिथे जागा असेल तिथे वर्ग झाली. घणदादाच्या अर्जावर कुणीतरी शेरा मारला होता, 'आवाज खणखणीत'. एवढ्या भांडवलावर तो मायक्रोफोनपुढे येऊन बसला.

भट्टीचं काम मला त्यानंच समजावलं. तापलेलं लोखंड ऐरणीवर असतं. मिस्त्रीच्या डाव्या हातात सांडशी, उजव्या हातात छोटी हातोडी. समोर घण घेऊन दुसरा माणूस. तिथे इतका गोंगाट असतो की बोलून काही उपयोग नाही. म्हणून हातोडी बोलते. मिस्त्रीनं जिथे टक् केलं तिथेच घण पडला पाहिजे. टक् हलकं तर घाव हलका, टक् जोरात तर घाव जोरात. आणि मिस्त्रीनं टक् केल्याशिवाय घण पडताच कामा नये.

"स्वतःहून घण मारला की कुणाचा तरी हात गेला म्हणून समजा," तो म्हणाला. "मी आजवर एकही घाव माझ्या मनानं घातलेला नाही, साहेब."

त्याचा मिस्त्री पुढे त्याचा सासरा झाला. कारखान्यात यावर एक कायमचा विनोद होता, की घणदादा दिवसभर बापाच्या इशाऱ्यावर नाचतो आणि संध्याकाळी लेकीच्या. तो स्वतःही हा विनोद सांगायचा. पण शेवटी म्हणायचा, "दोघांचाही इशारा कधी चुकला नाही, हे कोणी सांगत नाही."

आता हॉस्पिटलची पद्धत. आमच्याकडे डॉक्टर चारी दिशांकडून आलेले आहेत, एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही. त्यामुळे डॉक्टरांसाठीचा पुकारा इंग्रजीत करायचा असा नियम आहे. नावानं बोलवायचं नाही, कारण पाळ्या बदलतात. पदानं बोलवायचं, म्हणजे ड्यूटीवर जो असेल तो येतो. नियम चांगला आहे. फक्त ही पदनावं लांबलचक आहेत आणि कुणाची तरी जीभ वळेल असा विचार करून ती बनवलेली नाहीत.

पहिल्या दिवशी घणदादानं मायक्रोफोन ओठांना लावला आणि तो शब्द पूर्ण ताकदीनं उच्चारला. बाकावरची एक आजी आपला नंबर आला समजून उठून उभी राहिली. मायक्रोफोनच्या पोटातलं काहीतरी फाटलं. भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडम जिन्यावरून धावत आल्या आणि काचेवर बोटानं वाजवून म्हणाल्या, "मला बोलावलंत की मारलंत?"

हसण्यावारी गेलं असतं, पण आमच्या प्रशासक बाई काही हसण्यावारी नेत नाहीत. त्यांनी घणदादाला वर बोलावलं. मीही तिथे एका सहीसाठी उभा होतो. बाईंनी आवाज न चढवता सांगितलं, "एप्रिलच्या शेवटी तुमची चाचणी घेऊ. पास झालात तर इथे कायम. नाहीतर आपल्या दुसऱ्या युनिटला धुलाईघरात जागा रिकामी आहे. तिथे अंगात ताकद असलेला माणूस हवाच आहे."

दुसरं युनिट म्हणजे बसनं एक रात्र. त्यात बाईंचा दुष्टावा नव्हता. जागा खरोखरच रिकामी होती, मी वेतनपत्रक करतो म्हणून मला माहीत आहे. घणदादानं मान डोलावली. जिन्यावर आल्यावर मात्र तो कठड्याला धरून उभा राहिला.

"मी तिकडे गेलो तर म्हाताऱ्याला उचलणार कोण?" तो म्हणाला.

त्याचा सासरा त्याच्याचकडे राहतो. भट्टीनं कान गेले आणि नंतर पाय. बाथरूमला जायचं तरी जावयाचा खांदा लागतो. घणदादाची बायको आमच्याच हॉस्पिटलच्या चादरी, गाऊन, पडदे शिवते. अंगानं बारीक आहे, तिच्यानं बाप उचलला जाणार नाही. घर सोडून तिघांनी तिकडे जावं तर तिचं काम जातं. सगळ्या बाजूंनी हिशेब करून पाहिला तरी उत्तर एकच येत होतं. हा शब्द आला पाहिजे.

त्यानं पाठ करायला सुरुवात केली. जेवणाच्या सुट्टीत गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे जाऊन तो एकटाच म्हणायचा. खाली पहारेकरी होता, त्याला आयता विषय मिळाला.

"काय घणदादा, आज किती जणांना बेशुद्ध केलंत?"

"तू शुद्धीत आहेस ना अजून? मग अजून नीट जमलेलं नाही," घणदादा म्हणायचा आणि परत वर जायचा.

जमत नव्हतं हे खरंच होतं. मी एकदा टाकीमागे जाऊन ऐकलं. चूक उच्चारात नव्हती, वजनात होती. तो शब्दाचे सात तुकडे करायचा आणि सातांवर सात घण मारायचा. अ‍ॅ! नस्! थी! झी! ऑ! लो! जिस्ट! ऐकणाऱ्याला वाटावं, सात वेगवेगळी माणसं बोलावली आहेत. आपल्याला हे सहज होतं. आपली भाषा प्रत्येक अक्षराला बरोबरीचा वाटा देते. इंग्रजीत तसं नाही. तिथे एका अक्षराला भरभक्कम वाटा मिळतो, एखाद-दुसऱ्याला थोडाफार, आणि बाकीचे आपले सही करायला ठेवलेल्या भागीदारासारखे. ज्यांना इंग्रजी कानानं येतं त्यांना तो मोठा वाटा जागेवर सापडला नाही की अख्खा शब्दच परका वाटतो. डॉक्टरांची तक्रार हीच होती.

मी हे त्याला माझ्या परीनं सांगितलं. तो म्हणाला, "मोठा वाटा कुणाला, ते कोण ठरवतं?"

हे मला माहीत नव्हतं. बी.कॉम.ला आम्हाला व्यवहारी इंग्रजी होतं, त्यात पत्राचा मायना होता, हे नव्हतं.

त्यानं ज्याचा शब्द त्यालाच विचारायचं ठरवलं. भूल देणाऱ्या मॅडम ऑपरेशन संपवून हिरव्या टोपीतच चहाला निघाल्या होत्या. त्यानं काचेतून हात बाहेर काढून त्यांना थांबवलं.

"मॅडम, हा शब्द कशाकशाचा बनलाय?"

मॅडम थांबल्या. "का हो?"

"वस्तू कशी जोडलीय ते कळल्याशिवाय मला ती हातात धरता येत नाही."

मॅडमना हे आवडलं असावं. त्या खिडकीच्या कट्ट्याला टेकल्या. "बघा. पहिला 'अन'. म्हणजे नाही. आपल्या 'अनोळखी'मध्ये आहे ना, तसाच. मग 'एस्थेसिया', म्हणजे जाणीव. अंगाला कळणं. 'अन' आणि 'एस्थेसिया', झाली भूल. काही कळत नाही. मग 'लॉजी', शास्त्र. आणि शेवटी 'इस्ट', म्हणजे ते करणारा माणूस."

"म्हणजे, काही-कळू-नये-शास्त्र-वाली."

"अगदी! घरी माझे मिस्टर हेच म्हणतात."

तो हसला नाही, त्याचं बोट कागदावरच होतं. "जाणीव इथे संपली. शास्त्र इथे सुरू झालं. मग मधला हा 'ऑ' कुणाचा?"

"तो कुणाचाच नाही. तो जोड आहे. दोन शब्द एकमेकांना चिकटावेत म्हणून घातलेला."

"आणि तुम्ही म्हणता तेव्हा जोर कुठे येतो? म्हणा बरं एकदा."

मॅडमनी म्हटलं. मग परत म्हटलं, सावकाश. मग स्वतःशीच. दरवेळी त्यांची हनुवटी एकाच जागी थोडी खाली यायची. पाचव्या तुकड्यावर. ऑ.

"जोडावर," घणदादा म्हणाला. इतकंच म्हणाला, पण मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. आपल्या गावचं कुणी भेटावं तसा तो दिसत होता.

त्या रविवारी मी त्याच्या घरी गेलो, ते या कारणानं नव्हे. निवृत्तीला वर्ष राहिलंय आणि पँटी कमरेत कमी पडू लागल्यात. त्याच्या बायकोनं टेप लावली आणि आकडा मोठ्यानं वाचला.

"हळू वाचा, वहिनी," मी म्हणालो.

"बाबांना ऐकू येत नाही, अन् ह्यांना त्यांच्या शब्दाशिवाय काही सुचत नाही. तुमचा आकडा माझ्याजवळच राहील," ती म्हणाली.

खोली एकच, मधे पडदा. खिडकीशी शिवणयंत्र, भिंतीशी म्हाताऱ्याची खाट. खाटेजवळ जमिनीवर रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा पडलेला होता. भट्टी मोडली तेव्हा मिस्त्रीनं निरोपाची भेट म्हणून शाल नको, हे द्या म्हणून मागून घेतला होता. मिस्त्री उशीला टेकून बसले होते. हातात छोटी हातोडी.

घणदादा त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि सात बोटं दाखवली.

"सात तुकडे?" मिस्त्री बहिऱ्या माणसांच्या मोठ्या आवाजात म्हणाले. "लांब काम आहे. जड कुठला?"

जावयानं पाचवं बोट हलवलं.

"का? मधलाच का नाही?"

घणदादानं दोन्ही मुठी एकमेकींना टेकवल्या आणि हनुवटीनं त्यांच्या मधली फट दाखवली.

"जोड आहे होय!" मिस्त्रींनी मांडीवर थाप मारली. "मग तिथेच पडणार. जोडावर नाही मारायचा तर कुठे? जोड कच्चा राहिला की अर्धी पट्टी सांडशीत, अर्धी पायावर. बाकीच्यांना नुसतं सरळ करायचं, टक् टक्. जीव घालायचा तो जोडात."

आणि त्यांनी रुळावर वाजवायला सुरुवात केली. टक् टक् टक् टक्, ठण्, टक् टक्. सासऱ्याची हातोडी आणि जावयाचं तोंड. पहिल्यांदा शब्द मागे राहिला. दुसऱ्यांदा पुढे पळाला. मग बसला. म्हातारा जावयाच्या ओठांकडे बघत होता. त्याला शब्द ऐकू येत नव्हता आणि आला असता तरी कळला नसता, पण चूक झाली की तो थांबायचा.

"जड तुकडा खाल्लास. परत."

"बाबा, जरा हळू, सुई हलतेय माझी," वहिनी यंत्रावरून म्हणाली.

"काय म्हणतेय ती?"

"काही नाही, चांगलं चाललंय म्हणते!" जावई ओरडला.

"तोंडावर खोटं बोलतात बघा," वहिनी मला म्हणाली. पण यंत्र तिनं थांबवलं आणि कात्रीच्या मुठीनं टेबलावर तोच ठेका धरला. आता दोन्हीकडून इशारे सुरू झाले.

एप्रिल असाच गेला. सकाळी कामावर यायच्या आधी सासरा वाजवायचा, संध्याकाळी बायको. एक जोड हाती लागल्यावर त्या घराण्यातले बाकीचे शब्द फारसा त्रास न देता आले. कार्डिऑलॉजिस्ट, रेडिऑलॉजिस्ट, सगळीकडे जड तुकडा त्या जोडावरच. मुलांच्या डॉक्टरांचं पदनाव दुसऱ्या घराण्यातलं, त्यासाठी मॅडमना पुन्हा खिडकीशी उभं राहावं लागलं. आवाजाचंही त्यानं मनावर घेतलं. गच्चीवर तो तोंडासमोर उशीचा अभ्रा धरून बोलायचा; अभ्रा हलला तर जोर जास्त झाला असं समजायचं. पहारेकरी म्हणाला, "अभ्र्याशी काय बोलताय, वहिनींना सांगू का?" तर म्हणे, "सांग, तिनंच शिवलाय."

अडचण कुठे होती ते आम्हाला चाचणीच्या आदल्या आठवड्यात कळलं.

दुपारी सरावासाठी त्याला खरा पुकारा करायची परवानगी मिळाली. मी माझ्या खोलीत होतो. भिंतीवरच्या स्पीकरमध्ये बटण दाबल्याची खरखर झाली. मग काहीच नाही. पंख्याखाली बसून मी एका माणसाचा श्वास ऐकत होतो. सगळं हॉस्पिटल ऐकत होतं. रक्ततपासणीच्या रांगेतली माणसं वर बघायला लागली. मग पहारेकऱ्याचा आवाज लांबून स्पीकरमध्येच आला, "लाइन चालू आहे, दादा, बोला की!" आणि बटण सुटलं.

मी खाली गेलो. त्याला घाम फुटला होता.

"विसरलात?"

"नाही. शब्द आहे. इथे आहे." त्यानं घशाला हात लावला. "साहेब, इशाराच येत नाही."

मला समजायला थोडा वेळ लागला. घरी म्हाताऱ्याची हातोडी होती, बायकोची कात्री होती. गच्चीवर तो मनातल्या मनात त्यांचीच टक् टक् ऐकायचा. तिथे कुणी वाट बघत नव्हतं, घाई नव्हती. पण इथे काचेच्या खोक्यात लाइन उघडली की तो घण उचललेल्या माणसासारखा उभा राहायचा आणि समोरच्यानं जागा दाखवायची वाट बघायचा. समोर कुणीच नव्हतं.

वहिनीनं प्रशासक बाईंकडे जाऊन विचारलंसुद्धा, मी खोक्याबाहेर कात्री घेऊन उभी राहिले तर चालेल का. बाई म्हणाल्या, "पुकाऱ्याला एक माणूस मंजूर आहे. दोन नाहीत." यात बाईंची काही चूक नाही. मंजूर एकच आहे.

"आता?" मी घणदादाला विचारलं.

"आता काय. बघतो," तो म्हणाला. "माझी जागा मी सोडणार नाही."

पदाच्या कोणत्याही चाचणीत लेखा विभागाचा एक माणूस बसतो, म्हणून समितीवर मी होतो. बाईंनी ठरवलं की पुकारा सगळ्यात लांबच्या ठिकाणी ऐकायचा. म्हणून त्या, मी आणि एक हृदयरोगाचे डॉक्टर मुलांच्या वॉर्डमध्ये स्पीकरखाली उभे राहिलो. मुलं खाटांवर बसून आमच्याकडे बघत होती.

खरखर झाली. शांतता. मग श्वास. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मी खिशात रुमाल पिळत होतो.

टक्.

बोटाच्या पेरानं लाकडावर मारल्याचा आवाज. टक् ठक् टक् टक्, आणि लगेच त्याच ठेक्यावर शब्द, स्वच्छ, जोडावर जड, बाकी हलका. हृदयरोगाचे डॉक्टर बाईंना म्हणाले, "मीच की हा." नंतर दुसरा शब्द, पुन्हा आधी टक् टक् मग शब्द. नंतर तिसरा, सगळ्यात लांब. तोवर खाटेवरच्या एका पोरानं चमच्यानं लोखंडी कठड्यावर तो ठेका वाजवायला सुरुवात केली होती. शेजारच्यानं त्याला साथ दिली. बघता बघता अख्खा वॉर्ड वाजू लागला आणि सिस्टर "अरे ए, अरे ए" करत इकडून तिकडे पळायला लागल्या.

"हे हॉस्पिटल आहे का लोहाराची आळी?" बाई म्हणाल्या आणि जिन्याकडे निघाल्या. आम्ही मागे.

खोक्यापाशी पोचल्यावर त्यांनी आधी जे चांगलं ते सांगितलं; ती त्यांची पद्धत आहे. "शब्द स्वच्छ आहेत. डॉक्टरांनाही कळले. पण ठकठक चालणार नाही. रात्री आजारी माणसं झोपलेली असतात."

"बरोबर आहे," घणदादा म्हणाला.

"मग मी काय लिहू?"

"अजून काही लिहू नका, बाई. एकदा परत घ्या."

"पुढच्या महिन्यात?"

"आत्ता."

"आणि ठकठक?"

"नाही येणार."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर विनवणी नव्हती. दारात आडवं पडलेलं ओझं उचलल्याशिवाय घरात जाता येणार नाही हे कळलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

"एकच शब्द," बाई म्हणाल्या. "सगळ्यात लांब असलेला. आम्ही इथेच उभे राहतो."

काचेतून मला कट्ट्याखालचं दिसत होतं. त्यानं उजव्या हातानं बटणाकडे हात नेला. डावा हात मांडीवर ठेवला. बटण दाबलं. खरखर. या वेळी श्वास ऐकू आला नाही. मांडीवर पहिलं बोट उचललं गेलं आणि पडलं, काही आवाज न होता. त्या बोटाबरोबरच तोंड उघडलं. चार हलके, पाचव्याला अख्खा पंजा मांडीवर उतरला, मग दोन हलके. इशाराही त्याचा आणि घावही त्याचा. स्पीकरमधून नुसता शब्द बाहेर पडला, आणि कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेला.

मग आम्ही उभेच राहिलो, कारण पुढे काय करायचं कुणी ठरवलं नव्हतं. तेवढ्यात जिन्यावर चपलांचा फटफट आवाज आला आणि भूल देणाऱ्या मॅडम हिरव्या टोपीत खाली आल्या.

"कुठला वॉर्ड? काय झालं?"

"काही नाही. चाचणी होती," बाई म्हणाल्या.

"मला कुणी सांगितलं नाही! मघाशी कुठूनतरी ठोकाठोकी चालली होती, मला वाटलं सुतार आलाय. आता नीट बोलावलं म्हणून चहा टाकून आले ना मी!"

बाईंनी माझ्या हातातून कागद घेतला, काचेवरच धरला आणि सही केली. मग खिडकीतून आत म्हणाल्या, "सोमवारपासून कायम. आणि खुर्ची बदलून घ्या, मोडेल ती."

पहारेकऱ्याला बातमी आमच्याआधी कळली होती. "घणदादा, पेढे राहू दे, निदान हळू आवाजात बोलवा चहाला," तो म्हणाला. घणदादानं त्याला, मॅडमना आणि मला कॅन्टीनला नेलं. चहा पितानाही त्याचा डावा हात मांडीवर ठेका धरत होता. मॅडम म्हणाल्या, "आता पुढचा शब्द कुठला घ्यायचा?" तर म्हणाला, "पुढचा नको, मॅडम, आधी हा रोज नीट येऊ दे."

घरी काय झालं ते मला पँटी आणायला गेलो तेव्हा वहिनीनं सांगितलं. तो दारातून आत आला तेव्हा मिस्त्री हातोडी घेऊन तयार बसले होते, नेहमीसारखे. त्यानं खुणेनं सांगितलं, झालं, जमलं.

"ओरडलास तर नाही ना?"

"नाही."

"घण नीट पडला जोडावर?"

"पडला."

"आणि हातोडी कुणी मारली?"

घणदादानं आपल्या छातीवर बोट ठेवलं.

म्हाताऱ्यानं हातातली हातोडी उलटसुलट करून पाहिली. वहिनीला वाटलं, खूण कळली नाही की वाईट वाटलं. मग त्यांनी हातोडी उशीखाली सारली, दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाले, "मग मिस्त्री झालास. चल, उचल मला. केव्हाचं बाथरूमला जायचंय, तुझ्या शब्दापायी अडकून बसलोय."

आता आमच्या इमारतीत दिवसातून कितीतरी वेळा तो शब्द ऐकू येतो. ऐकताना कुणी मान वर करत नाही. ज्याचा आहे तो उठून जातो, बाकीचे आपापल्या कामात असतात.

त्या दिवशी कॅन्टीनमध्ये सगळ्यांचे पैसे घणदादानं दिले. माझा वाटा मी द्यायला निघालो होतो, पण माझ्याकडे पाचशेची नोट होती आणि गल्ल्यावर सुटे नव्हते. माझ्या चहाचे चौदा रुपये त्याला द्यायचे राहिले आहेत.